वीज का गेली, हे स्विचला कळत नाही

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. सोमवार होता आणि कोविडचे दिवस होते. लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाईन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. महापालिका आयुक्तांनी रुग्णालयांना सांगितले की, अतिदक्षता विभागासाठी किमान आठ तास पुरेल इतके डिझेल हाताशी ठेवा. बाहेरचे जाळे कोसळले तरी मुंबईला त्यातून वेगळे काढून चालू ठेवायची ‘आयलँडिंग’ नावाची व्यवस्था १९८१ पासून आपल्याकडे आहे आणि मुंबईकरांना तिचा रास्त अभिमान होता. त्या दिवशी तीही टिकली नाही. शहरभर, इमारतींच्या मागच्या गल्ल्यांत, वर्षानुवर्षे झोपलेले जनरेटर धडधडत उठले.

त्याच संध्याकाळी मुलुंडच्या एपेक्स रुग्णालयात जनरेटरला आग लागली. सकाळपासून चालू राहून तो तापला होता, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. कोविडच्या रुग्णांना घाईघाईने दुसऱ्या रुग्णालयांत हलवावे लागले आणि त्या धावपळीत एका वृद्ध रुग्णाचा मृत्यू झाला. हे मी चेंजओव्हर स्विचच्या माथी मारत नाही. या घटनेने मला विचारात पाडले ते वेगळ्या कारणाने. जी गोष्ट आपोआप सुरू होते तिच्याकडे नंतर कोणी बघत नाही. ‘ऑटोमॅटिक आहे’ या दोन शब्दांत आपण आपली सगळी जबाबदारी टाकून मोकळे होतो. जनरेटरच्या बाबतीत ही सवय सर्वांत घातक ठरते ती जनरेटरच्या शेजारच्या पत्र्याच्या कपाटात. त्या कपाटाबद्दलच मला आज लिहायचे आहे.

या कपाटाला कोणी एटीएस म्हणते, आपल्याकडचे वायरमन बहुतेक एएमएफ पॅनल म्हणतात. त्याचे काम सोपे आहे. वीज कंपनीचा पुरवठा येतो आहे का, हे ते सतत पाहत असते. पुरवठा गेला की दोन-चार सेकंद थांबते, कारण डोळा मिटण्याइतक्या झटक्यासाठी इंजिन सुरू करण्यात अर्थ नसतो. मग बॅटरीवर स्टार्टर फिरवते. इंजिन लागले नाही तर पुन्हा फिरवते, साधारण तीनदा. व्होल्टेज नीट आले की कंपनीची बाजू तोडते आणि जनरेटरची बाजू जोडते. वीज परत आली की काही मिनिटे खात्री करते, भार पुन्हा कंपनीवर टाकते, इंजिनाला थोडा वेळ रिकामे चालवून थंड करते आणि बंद करते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे पाच-दहा सेकंदांत परत येतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वीज गेली होती हे कळतही नाही.

आता हेच कपाट दुरुस्त करायला आलेल्या वायरमनच्या जागी उभे राहा. लहानपणापासून त्याला एकच धडा शिकवलेला असतो, की काम करण्याआधी मेन स्विच खाली कर. तो मेन खाली करतो, पॅनलचा दरवाजा उघडतो आणि पाना घेऊन आत हात घालतो. त्याच्या लेखी आता सगळे मृत आहे. पण त्या पॅनलने नुकतेच काय पाहिले? पुरवठा गेला. वीज का गेली, हे विचारण्याची सोय त्याच्यात नाही. कळव्याला लाईन पडली म्हणून गेली, की समोर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच्या जिवासाठी बंद केली, दोन्ही त्याच्या दृष्टीने एकच. ते आपले काम चोख बजावते. आठ-दहा सेकंदांत इंजिन लागते आणि ज्या बसबारवर वायरमनचा पाना आहे तिच्यावर ४१५ व्होल्ट येतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी उचललेले पहिले पाऊलच धोक्याला बोलावणे धाडते.

जोगेश्वरीत, माझ्या राहत्या भागातल्या एका प्रार्थनास्थळाच्या आवारात हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. वायरमन विशीतला मुलगा होता. त्याने मेन पाडला, पिशवीतून टेस्टर काढण्यासाठी वाकला आणि भिंतीपलीकडे इंजिन लागले. हात अजून आत गेला नव्हता, एवढेच. तो हसला. आम्ही सगळे हसलो. नंतर त्याने मला विचारले, “भाई, इसका बंद करने का बटन किधर है?” ते बटण कुठे आहे हे त्याला कंत्राटदाराने सांगितले नव्हते, ट्रस्टींना माहीत नव्हते आणि पॅनलवर जी सूचना होती ती इंग्रजीत, तीही धुळीने माखलेली होती.

मी पेशाने सॉफ्टवेअर अभियंता. आमच्याकडेही एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने आपोआप काम उचलायचे, अशी रचना असते. ती रचना लिहिताना दोन गोष्टी पहिल्या दिवशी शिकवल्या जातात. एक म्हणजे दोन सर्व्हर एकाच वेळी ‘मीच मुख्य’ म्हणू लागले तर पडझड होते, म्हणून आधी तोडायचे, मगच जोडायचे. दुसरी म्हणजे यंत्राला ‘आता मी मुद्दाम बंद करतो आहे, तू मध्ये पडू नकोस’ असे सांगण्याची वेगळी, ठळक सोय असली पाहिजे आणि ती कोण वापरणार हे ठरलेले असले पाहिजे. ती सोय न वापरता कोणी सर्व्हरला हात लावला तर आमच्याकडे फार तर एक रात्र जाते, मॅनेजर ओरडतो. पॅनलच्या कपाटात माणूस जातो. लिसान बेनब्रिज या ब्रिटिश संशोधिकेने १९८३ मध्येच स्वयंचलनातला विरोधाभास मांडला होता. रोजचे सोपे काम यंत्राकडे जाते आणि माणसाकडे उरतात ते फक्त अवघड प्रसंग, तेही सराव गेल्यानंतर. मुंबईच्या उपनगरांना हे विशेष लागू पडते, कारण आपल्याकडे वीज क्वचितच जाते. मराठवाड्यातल्या गावात जनरेटरवाल्याला रोज हात लावावा लागतो. त्याला त्या यंत्राच्या खोड्या माहीत असतात. अंधेरीच्या सोसायटीत ते कपाट वर्षातून दोनदा जागे होते आणि ते जागे झाल्यावर काय करते हे पाहिलेला वॉचमन तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

धोका फक्त पॅनलपाशी थांबत नाही. ‘आधी तोडायचे, मग जोडायचे’ हा नियम पाळण्यासाठी चांगल्या चेंजओव्हरमध्ये यांत्रिक इंटरलॉक असतो. एक बाजू जोडलेली असताना दुसरी जोडणे शक्यच होत नाही. पण जिथे पैसे वाचवायला दोन साधे कॉन्टॅक्टर बसवून फक्त विजेच्या तारेने इंटरलॉक केलेला असतो किंवा तोही नसतो, तिथे जनरेटरची वीज उलटी कंपनीच्या केबलमध्ये शिरू शकते. लाईनमन याला रिटर्न सप्लाय म्हणतात. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे सुमारे ४३३ करतो, हे आपल्याला माहीत असते. तो उलट्या दिशेनेही तितकाच इमानदारीने चालतो, हे लक्षात राहत नाही. आपल्या बाजूने ४१५ टाकले की पलीकडे हजारो व्होल्ट. एरवी शेजारच्या इमारतींच्या भाराने जनरेटर गुदमरून बंद पडेल. पण दुरुस्तीसाठी कंपनीच्या माणसाने तो तुकडा बाकीच्या जाळ्यापासून वेगळा केलेला असेल तर भार उरत नाही, आणि जनरेटर आरामात चालत राहतो. मुलुंड-भांडुपमध्ये तो माणूस महावितरणचा असेल, अंधेरी-बोरिवलीत बहुधा अदानीचा. तो पिलरमध्ये वाकून आपली वीज लवकर यावी म्हणूनच काम करत असतो.

सर्वांत गावठी आणि सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे भाड्याचा छोटा जनरेटर. लग्न, मंडप, उत्सव, इफ्तार, रमजानमधली तरावीह. वीज गेली की कोणी तरी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर आणतो, एक टोक जनरेटरला आणि दुसरे भिंतीच्या सॉकेटला लावतो. सगळा हॉल उजळतो आणि त्या मुलाची पाठ थोपटली जाते. मेन पाडला आहे का, हे कोणी पाहत नाही. सॉकेटमधून ओढलेली पिन उघडी आणि जिवंत असते, हेही कोणी पाहत नाही. वजूखान्याजवळची ओली फरशी आणि अनवाणी पाय यांच्याबद्दल वेगळे लिहायला नको. ही वायर जिथे दिसेल तिथे कापून टाकावी, या मताचा मी आहे. समजावून सांगण्याचा विषय नाही हा.

मोठ्या पॅनलकडे परत येतो, कारण दोन प्रसंग असे आहेत जिथे वायरमन नसतानाही हेच घडते.

पहिला प्रसंग आगीचा. मीटर रूममधून धूर आला की वॉचमन, आणि मागून अग्निशमन दल, सर्वांत आधी इमारतीची वीज तोडतात. पॅनलला हे भारनियमनासारखेच दिसते. जनरेटर लागतो आणि ज्या तारा जळत आहेत त्यांच्यावर पुन्हा वीज येते, वर पाण्याचा मारा चालू असताना. अर्थात आगीच्या पंपाला आणि फायर लिफ्टला वीज हवीच असते, म्हणून ‘आग लागली की जनरेटर बंद’ असा सरसकट नियमही चुकीचा. पंपाची लाईन वेगळी, बाकीच्यांची वेगळी आणि बाकीची तोडणारे लाल बटण फाटकाजवळ, अशी रचना लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचे असते. ते कागद येतात, फाईलमध्ये लागतात. आपल्या कमिटीतल्या कोणी त्या माणसाबरोबर जनरेटरपर्यंत चालत जाऊन ‘आगीत हा काय करेल?’ असे विचारले आहे का?

दुसरा प्रसंग पाण्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या मीटर रूम बुडाल्या आणि उपनगरांतल्या अनेक भागांची वीज सावधगिरी म्हणून बंद ठेवली गेली; काही ठिकाणी ती परत यायला दिवस लागले. तेव्हा बहुतेक इमारतींत जनरेटर नव्हते. आज आहेत आणि पुष्कळ ठिकाणी पॅनल अजून तळमजल्यावर किंवा तळघरात आहे. कंपनीने लोकांच्या जिवासाठी वीज तोडायची आणि आपल्या कपाटाने गुडघाभर पाण्यात उभे राहून ती पुन्हा चालू करायची, असा हा हिशेब आहे. पॅनल वर हलवायला खर्च येतो. पाणी चढू लागले की सिलेक्टर ‘ऑफ’वर कोण करणार, हे ठरवायला काहीच येत नाही.

मग सुरक्षित काम म्हणजे नेमके काय? चांगल्या वायरमनला हे माहीत असते. त्याला तसे करू दिले जात नाही, ही खरी अडचण आहे. पॅनलवरचा सिलेक्टर ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर. इंजिनावरचे इमर्जन्सी स्टॉप दाबलेले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, कारण बॅटरीशिवाय स्टार्टर फिरत नाही. बॅटरीचा चार्जरही बंद. त्यानंतर जनरेटरचा ब्रेकर खाली, कंपनीचा मेन खाली, आणि दोन्हींना कुलूप. कुलपाची किल्ली वायरमनच्या खिशात, वॉचमनच्या टेबलावर नाही. छतावर सोलर किंवा कुठे यूपीएस असेल तर तोही तिसरा पुरवठा समजून तोडायचा. आणि शेवटी मोजायचे. दहा-वीस रुपयांच्या पेटत्या टेस्टरवर नाही. मीटर आधी जिवंत जागी लावून तो चालतो याची खात्री करायची, मग पॅनलमध्ये तिन्ही फेज आणि न्यूट्रल तपासायचे आणि परत एकदा जिवंत जागी मीटर लावून पाहायचा. मीटरच बिघडलेला असेल तर शून्य दाखवतो आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून हात घातला जातो.

न्यूट्रलचे नाव मुद्दाम घेतले. कोटेशनमध्ये तीन पोलचा चेंजओव्हर चार पोलपेक्षा स्वस्त दिसतो आणि कमिटी स्वस्त ते घेते. तीन पोलमध्ये न्यूट्रल तुटतच नाही; कंपनीचा आणि जनरेटरचा न्यूट्रल कायम एकमेकांना जोडलेले राहतात. जनरेटरचा न्यूट्रल स्वतंत्र अर्थ केलेला असेल तर ‘सगळे तोडले’ असे समजून काम करणाऱ्याच्या हाताखालच्या तारेतून प्रवाह वाहत असू शकतो. आणि तो न्यूट्रल कुठे सैल झाला तर घरातल्या २३० व्होल्टच्या वस्तूंवर चारशेपर्यंत व्होल्टेज चढते. एकाच संध्याकाळी जिन्यातल्या चार घरांचे फ्रिज आणि टीव्ही गेले की कारण बहुधा हेच असते. फरकाची रक्कम गेल्या वर्षीच्या रोषणाईच्या खर्चाशी ताडून पाहावी.

या सगळ्या क्रमाला पाऊण तास लागतो. कंत्राटदार वायरमनला पाऊण तास देत नाही, कारण आपण कंत्राटदाराला देत नाही. लिफ्ट बंद पडली की पाच मिनिटांत कमिटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते. एएमसीचा दर ठरवताना आपण तीन कोटेशन मागवतो आणि सर्वांत खालचे उचलतो. त्या खालच्या आकड्यात कुलूप, चांगला मीटर, रबरी हातमोजे आणि दुसरा माणूस बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम, आधी २०१० चे आणि आता २०२३ चे, स्पष्ट सांगतात की असे काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचे. प्रत्यक्षात परवाना ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि पॅनलसमोर त्याचा भाचा उभा असतो.

आपल्या समाजात हा विषय काढला की दोन उत्तरे मिळतात. पहिले, ‘इतकी वर्षे काही झाले नाही.’ दुसरे, ‘अल्लाह मालिक आहे.’ पहिल्या उत्तराला मी एवढेच म्हणतो की इतकी वर्षे ते कपाट जवळपास उघडलेच गेलेले नाही. दुसऱ्याला उत्तर द्यायला मी आलिम नाही. पण उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून मक्तबमध्ये ऐकत आलो आहोत. कामासाठी दारात आलेल्या माणसाचा जीव ही अमानत आहे, हे जुम्याच्या मंचावरून सांगायला काय हरकत आहे? शिवाय यात परका कोणी नाही. कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरी, मालवणी इथल्या किती घरांतली मुले वायरमन, एसी मेकॅनिक, जनरेटर ऑपरेटर म्हणून काम करतात, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. कुणी आयटीआय केलेले, बहुतेकांनी उस्तादच्या हाताखाली शिकलेले. परवाना नाही, विमा नाही, आणि अपघात झालाच तर ‘त्याचीच चूक होती’ हे वाक्य तयार. आपण शिष्यवृत्त्यांसाठी, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसाठी वर्गणी काढतो, चांगलेच आहे. पण सक्षमता प्रमाणपत्राच्या परीक्षेची तयारी करून घेणारा एखादा रविवारचा वर्ग कुठल्या मोहल्ल्यात चालतो? फी फार नसते. सुशिक्षित अभियंते आपल्यात भरपूर आहेत; आमच्यापैकी बहुतेकांना संगणकापलीकडे काही शिकवायला लाज वाटते, हा भाग वेगळा.

सोसायटी असो, शाळा असो, नर्सिंग होम असो की मशिदीचा ट्रस्ट, मी जिथे जातो तिथे हल्ली दोन प्रश्न विचारतो. सिलेक्टर ऑफ करून किल्ली आपल्याजवळ ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे, त्याचे नाव सांगा. आणि भारासकट चेंजओव्हर शेवटचा कधी करून पाहिला? अमेरिकेत रुग्णालयांच्या जनरेटरसाठी दर महिन्याला भार टाकून अर्धा तास चालवण्याचा दंडक आहे. आपल्याकडे आठवड्याला दोन मिनिटे इंजिन घुरघुरवतात आणि रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहितात; कपाटातला स्विच त्यात जागचा हलतही नाही. पहिल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘वॉचमनला माहीत आहे’ असे उत्तर येते. वॉचमनला विचारले की तो सेक्रेटरींचे नाव सांगतो.

आमच्या सोसायटीत मी एक पत्रक तयार केले आहे, मराठी, उर्दू आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात: ‘मेन बंद केल्यावर हा जनरेटर स्वतःहून सुरू होतो. आधी हे बटण.’ खाली बटणाकडे बाण. लॅमिनेशनसह साठ रुपये खर्च आला. ते लागले. चार पोलचा चेंजओव्हर, फाटकाजवळचे लाल बटण आणि कुलपांचा संच हे सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत अकराव्या क्रमांकावर आहेत, बाहेरच्या रंगकामानंतर आणि पार्किंगच्या पट्ट्यांच्या आधी.